मैदानी स्पर्धेला संघ नेताना

किट, बूट, बाटल्या पोरं आणतातच, सोडा. आधी स्पाइकची चावी, म्हणजे धावण्याच्या बुटाच्या तळाचे खिळे काढायची-बसवायची चावी. सोलापूर विद्यापीठातल्या आपल्यासारख्या कॉलेजांचा सराव चुन्याच्या रेघा मारलेल्या मातीवर. मातीत पकड यावी म्हणून खिळे लांब लावतो. पण स्पर्धेच्या सिंथेटिक ट्रॅकवर 9 मिलिमीटरच्या वर खिळा चालत नाही, भाला आणि उंच उडीला तेवढा 12 पर्यंत. कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी हजेरी लावायच्या खोलीत, पंच बूट उलटे करून बघतात. गेल्या खेपेला आखूड खिळ्यांची पुडी खिशात होती आणि चावी कॉलेजच्या कपाटात. पक्कड लावली तर मातीनं जाम झालेल्या खिळ्यांच्या कडाच झिजल्या, एकही हलेना. पोरगी 200 मीटर अनवाणी धावली. तेव्हा चाव्या दोन घ्यायच्या, एक आपल्या खिशात, एक कॅप्टनकडे. बॅगेत नाही, खिशात! आणि खिळे आठवडाभर आधी काढून, तेलाचा थेंब सोडून परत बसवायचे. चावी आहे पण खिळा फिरत नाही, हेही होतं.

पात्रता अर्ज. वय 1 जुलैला मोजतात, त्यामुळे मोठ्या पोरांचे दाखले आधी बघा. बारावीची गुणपत्रिका मूळ हवी. प्राचार्यांचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. नुसता कागदावर असला तर टेबलावरचे सर अर्ज सरळ परत देतात, आणि प्राचार्य तेव्हा नेमके मीटिंगमध्ये असतात.

छातीवर आणि पाठीवर क्रमांक, म्हणजे माणशी आठ सेफ्टी पिना. उंच उडीवाल्याला एकच क्रमांक चालतो. पिना तिथं मिळतील या भरवशावर राहू नका, सगळे त्याच भरवशावर आलेले असतात. चावी घेतली का, हे निघताना पुन्हा विचारा. गाडीत बसल्यावर विचारून उपयोग नाही.

पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला बाद करतात, हे नवीन पोरांना सरावातच बजावा. रिलेच्या चौघांचे बनियन एका रंगाचे. सरावाची बॅटन स्वतःची.

बर्फ, क्रेप बँडेज, ओआरएस. मुलींबरोबर मॅडम हव्यातच. जेवण हलकं, वडापाव शर्यतीनंतर.

आगाऊ रकमेचा हिशोब, तिकिटं, भत्त्यावर सह्या, सगळं परतीच्या गाडीतच उरका. प्रमाणपत्रावरचं नाव मैदान सोडण्याआधी वाचा, दुरुस्तीला महिने जातात.