गोव्यातल्या आपल्या वाड्यावरची भिंत सगळ्यांनी मिळून कशी रंगवावी

चित्र आधीच ठरवून लोकांना फक्त रंग भरायला बोलावलं, तर ते चित्र वाड्याचं, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीचं, होत नाही. म्हणून सुरुवात बैठकीने करा. देवळाच्या मंडपात, दिवेलागणीनंतर जमा. "काय काढूया?" असं विचारलं की सगळे गप्प बसतात. "तुमच्या लहानपणी इथे काय काय होतं?" असं विचारा. मग पेडण्यात दशावताराच्या रात्री निघतील, माशेलात चिखलात खेळायचा चिखलकाला निघेल, कुठे बुजलेली तळी. वयस्कर बायकांना आवर्जून बोलतं करा. त्यातून दोन-तीन कच्ची चित्रं काढून आठवडाभर दुकानापाशी लावा आणि शेजारी पेन ठेवा.

दरम्यान भिंतीच्या मालकाची लेखी संमती घ्या. जागा कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) किंवा सरकारी असेल तर त्यांची. पंचायतीलाही कळवा.

खरी मेहनत भिंतीवर घ्या. गोव्यातला चिरा (जांभा दगड) पावसाचं पाणी पिऊन बसतो, त्यामुळे दिवाळीआधी घाई नको. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आत दव दिसलं तर अजून थांबा. शेवाळ आणि पांढरा क्षार तारेच्या ब्रशने खरवडा, भिंत धुऊन पुरती सुकू द्या, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर. गिलावा नवा असेल तर निदान चार आठवडे जाऊ द्या.

रंग किती? माझं मत: दोनच, काव आणि पांढरा. आपल्या देवळांतली कावी चित्रं अशीच आहेत. ओल्या चुन्यावर तांबडी काव देऊन ती कोरत, की खालचा पांढरा उघडा पडे. आपण ॲक्रिलिक इमल्शन वापरू, पण दोन रंगांत नवखा हातही बिचकत नाही आणि खर्चही आटोक्यात राहतो.

रेखाटनावर चौकटी आखा, तितक्याच चौकटी भिंतीवर सुताने मारा आणि एकेक चौकट मोठी करत न्या. आकारांत १ आणि २ लिहून ठेवा: १ म्हणजे काव, २ म्हणजे पांढरा. खालचा पट्टा पोरांना, मधला मोठ्यांना. परांचीवर फक्त सवयीची माणसं. काम सकाळी उरका. तापलेल्या भिंतीवर रंग नीट धरत नाही. बाह्यरेषा शेवटी एकाच सरावलेल्या हाताने ओढून घ्या.

उरलेला रंग डब्यावर नाव लिहून घट्ट बंद ठेवा. पुढच्या पावसात जमिनीलगतचा वीतभर भाग चिखलाने खराब होणारच, तेव्हा तोच रंग लागेल.