नागपूरच्या मे महिन्याला पुरून उरेल असं घर कसं लावायचं

पिंटरेस्टवरचे फोटो पाहून फ्लॅट सजवायचा विचार करून राहिले असाल तर जरा थांबा. ती मोठ्ठ्या काचांची, काळ्या फ्रेमची घरं बरीचशी स्वीडन-डेन्मार्कच्या स्टाईलची असतात, तिकडे स्टॉकहोमला डिसेंबरात दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो म्हणून जेवढं ऊन आत येईल तेवढं त्यांना हवंच असतं. आपलं उलटं आहे ना बावा. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता. म्हणून पैशाचा क्रम असा लावा, आधी छत, मग पश्चिमेची खिडकी, मग कूलर, आणि सोफा-पडदे सगळ्यात शेवटी. इंटिरियरवाले बरोबर उलट्या बाजूने सुरू करतात.

छत आधी काहून? तर २६ मेच्या आसपास नागपुरात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, म्हणजे दिवसभराचा सगळ्यात जास्त मार स्लॅबच खाते, आणि ती गरमी रात्रभर खाली सोडत बसते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चुना. गच्ची घासून धुवा, भेगा भरून घ्या, चुना रात्रभर भिजवून (पाण्यात टाकला की उकळतो, तोंड लांब ठेवा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका) सकाळी गाळून त्यात थोडं फेविकॉल टाका म्हणजे हाताला पांढरं लागत नाही, आणि ऊन चढायच्या आत दोन हात मारा. पावसात हा निघून जातो, दरवर्षी करावं लागतं. डब्यातला कूल रूफ पेंट घेतला तर काही वर्षं जातात, फक्त घेताना डब्यावर एसआरआय किती लिहिलाय ते पाहा, आकडा जेवढा मोठा तेवढं ऊन जास्त परत जातं. नुसता पांढरा दिसतो म्हणून बाहेरच्या भिंतीचा साधा पेंट गच्चीवर मारू नका.

आणि कायमचं काम करायचं असेल तर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्सचे तुकडे सिमेंटमध्ये बसवायचे. बाळकृष्ण दोशींनी, म्हणजे २०१८ ला प्रित्झकर हा आर्किटेक्चरचा मोठा पुरस्कार मिळालेले आर्किटेक्ट, मूळचे पुण्याचे, अहमदाबादमधल्या स्वतःच्या 'संगथ' ऑफिसच्या गोल छतांवर हेच लावलं होतं. टाइल्सच्या दुकानातून तुटका माल स्वस्तात मिळून जातो. पण वजन वाढतं, तेव्हा जुनी बिल्डिंग असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा आणि पाण्याचा उतार तेव्हाच नीट करून घ्या.

आता खिडकी. दक्षिणेच्या खिडकीला मे महिन्यात छोटा छज्जा पुरतो कारण सूर्य वरून जातो, पण पश्चिमेला तीननंतर ऊन सरळ आडवं आत घुसतं, तिथे छज्जा काही कामाचा नाही. लोक मग आतून जाड ब्लॅकआउट पडदा लावतात, पण काचेतून गरमी एकदा आत आली की पडदा तिला बाहेर थोडीच काढणार. अडवायचं ते काचेच्या बाहेर. बुरडाकडून बांबूचा तट्टा किंवा गुंडाळता येणारी चिक करून घ्या, भिंतीपासून वीतभर लांब टांगा म्हणजे मधून हवा खेळते. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू आपल्याला जवळ आहे, पण भुंगा लागतो, म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेलाच मागा. भाड्याचं घर असेल तर सरळ ग्रीन नेट लावा, उन्हाळ्यात सिग्नलवर गाड्यांसाठी लावतात तशीच. खाली माती असेल तर मधुमालती चढवा, फुकटात सावली आणि वरून वास.

कूलरबद्दल एकच सांगणं आहे, खोली बंद करून कूलर लावू नका!! कूलर पाणी उडवून हवा थंड करतो, ती ओली हवा निघायला समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे नाहीतर तासाभरात चिपचिप सुरू. कूलर स्वतः सावलीत ठेवा. ताट्या वाळ्याच्या घेतल्या तर सुगंध आहे पण दरवर्षी बदला, हनीकोम (कागदी जाळीचा पॅड) जास्त टिकतो पण वास नाही, मी वाळ्याच्या बाजूचा आहे. अर्थिंग तपासल्याशिवाय लोखंडी कूलर सुरू करू नका, पाणी भरताना प्लग काढा, आणि आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करा, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

फर्निचरमध्ये रेक्झिन नको, पाठ चिकटते. सागवान आणि वेताचं विणकाम घ्या. आर्किटेक्ट पियरे जानरेंनी १९५० च्या दशकात चंदीगडच्या सरकारी ऑफिसांसाठी ज्या खुर्च्या केल्या त्या हेच, साग आणि वेत, पाठीतून हवा जाते. त्या तिथे भंगारात गेल्या आणि आता परदेशात लिलावात लाखांनी विकल्या जातात, त्याच्या कॉप्या सगळीकडे दिसून राहिल्या. कॉपी कशाला घेता, घरातल्या जुन्या खुर्चीलाच विणून घ्या. वेताची जाळी पाण्यात भिजवून ओली असतानाच ताणून बसवायची, वाळली की आपोआप टाइट होते. जुनं घर पाडलं त्यातलं सागवान मिळालं तर सोडू नका, नवीन लाकूड इथल्या मेमध्ये आखडतं आणि जुलैत फुगतं, हे मग सगळं दुरुस्त करत बसा.

रंगवलेला चकचकीत डिझायनर माठ मात्र घेऊ नका. पाणी झिरपलं तरच ते थंड होतं आणि रंगाने छिद्रं बुजतात. साधा माठ, एक दिवस भिजवून, जिथे वारा लागतो तिथे तिवईवर.

कपड्याचं थोडक्यात. दुकानदार प्युअर कॉटन म्हणतो त्यावर जाऊ नका, कडेचा एक धागा काढून जाळून पाहा, सुताचा कागदासारखा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टरची वितळून कडक गोळी होते. पडदे, चादरी, दुपट्टे सगळ्याला हीच टेस्ट. खादी पाहायची तर वर्ध्याचं मगन संग्रहालय आहे, आणि तिथवर गेलातच तर सेवाग्रामची बापू कुटी पाहून या, १९३० च्या दशकातली, मातीच्या जाड भिंती, कौलं, बांबू. दुपारी आत बसून पाहा, मग आर्किटेक्टशी बोला.

आणि हे सगळं फेब्रुवारीत सुरू करा. एप्रिल लागला की चुनेवाला, कूलरवाला, बुरड कोणीच फोन उचलत नाही.