कोकणातल्या नदीचं नाव आणि हद्द शोधायची कशी

गुगल मॅपवर निळी रेघ दिसली आणि तिच्यावरचं नाव उचललं असं करू नका. आपल्याकडे एकाच नदीला वर एक नाव आणि खाली दुसरं, म्हणून आधी काठावरच्या होडीवाल्याला विचारा की भरतीचं पाणी कुठवर चढतं, त्याच्या वर ती नदी, खाली खाडी, आणि खाडीला बहुतेक वेळा मुखावरच्या बंदराचंच नाव. महाबळेश्वरहून येणारी सावित्री महाड मागे टाकून समुद्राकडे गेली की बाणकोट खाडी होते, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी. खारेपाटणला जी शुक तीच पुढे वाघोटण आणि मुखाशी विजयदुर्ग खाडी.

मग हद्द. सावित्रीच्या खालच्या टप्प्यात उत्तरेला रायगड, दक्षिणेला रत्नागिरी, बागमांडल्याला फेरीबोटीत चढलात आणि वेसवीला उतरलात की जिल्हा बदलला. मात्र नकाशा छापल्याचं साल बघायचंच, जुन्या नकाशात रायगडच्या जागी कुलाबा असतं आणि वाघोटणच्या दोन्ही तीरांवर रत्नागिरी, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते तेरेखोलला. बांद्यावरून आलेली ही नदी आरोंद्याजवळ खरोखर हद्द आहे, अलीकडे महाराष्ट्र आणि समोर किरणपाणी म्हणजे गोवा, त्यामुळे वाटतं की थेट समुद्रापर्यंत असंच असणार. पण मुखावरचा तेरेखोल किल्ला उत्तर तीरावर असूनही गोव्यात आहे! पोर्तुगीजांनी तो १७४६ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला आणि नदीपलीकडचा तो तुकडा गोव्याकडेच राहिला. नदी काही हद्द आखायला वाहत नाही हो, हद्द माणसांनी ठरवलेली. दोडामार्गची तिलारी तर सरळ हद्द ओलांडून गोव्यात जाते आणि तिथे शापोरा होते.

म्हणून रेघ नक्की कुठून जाते हे बघायला भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे त्या प्रमाणावरचा सविस्तर नकाशा, घ्या, तिच्यात राज्याची, जिल्ह्याची हद्द वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेली असते, त्या खुणा आधी शीटच्या तळाशी वाचून घ्या. गावाची शीव हवी असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसातून गाव नकाशा काढा, आणि तोही दोन्ही काठांच्या गावांचा, एकट्या आपल्या गावाचा नको.