मूळ गाव शोधायला मित्राला घेऊन निघताय? आधी या चुका टाळा

गेली सात-आठ वर्षं मी आणि माझा एक मित्र सुट्टी मिळाली की गाडी काढतो आणि कधी त्याच्या, कधी माझ्या घराण्याचे जुने कागद, जुनी माणसं शोधत फिरतो. हे कळल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारून जातात आणि परत आले की सगळ्यांची तीच रड, काहीच मिळालं नाही. मिळणार कसं, चुकाही सगळे त्याच करतात.

शनिवार-रविवार धरून जाणं. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे तहसीलची रेकॉर्ड रूम शनिवारी बंद. तरी लोक शुक्रवारी रात्री निघतात आणि कुलुपाचा फोटो काढून परत येतात. एक-दोन रजा टाका. मी मंगळवारी सकाळी पोचतो, नकलेचा अर्ज देतो आणि मग गावात जातो, कारण नक्कल त्याच दिवशी हातात पडेल असं धरून चालणं चूकच.

गावाचं नुसतं नाव घेऊन निघणं. यावर जरा सविस्तर बोलतो, कारण यात आमचं अख्खं एक वर्ष गेलंय. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गाव लिहिलेलं होतं, पुढे 'बुद्रुक'. आता बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे धाकटं, हे दोन्ही शब्द फारसीतून आलेत, आणि बऱ्याचदा ही दोन गावं एकमेकांना लागूनच असतात, मधे एखादा ओढा. आम्ही सरळ बुद्रुकला गेलो. आमच्या आडनावाची चार घरं निघाली, चहा झाला, एका म्हाताऱ्या बाबांनी चार पिढ्या तोंडपाठ सांगितल्या, मित्राने भराभर लिहून घेतल्या आणि एक नाव माझ्या खापरपणजोबांच्या नावाशी जुळलं म्हणून आम्ही इतके खूष की परतीच्या वाटेवरच ती वंशावळ फॅमिली ग्रुपवर टाकली. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण बोलता बोलता ते म्हणाले होते की आमचा खंडोबा जेजुरीचा, आणि आमच्या घरात पिढ्यानपिढ्या पालीचा खंडोबा. पण जुळलेलं नाव दिसल्यावर न जुळलेलं काही दिसत नाही. पुढे वडिलांच्या आत्याला फोन केला तेव्हा ती म्हणाली, अरे आपलं घर ओढ्यापलीकडे खुर्दला, शाळा तेवढी बुद्रुकला होती. झालं. दाखला खोटा नव्हता, तो शाळेच्या गावचा होता इतकंच. ती चुकीची वंशावळ आजही नातेवाइकांमधे फिरतेय, मी दुरुस्त केलेली चारदा पाठवली तरी पहिलीच पुढे जाते.

म्हणून मी आता दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून गावाचं पूर्ण नाव, तालुका आणि कुलदैवत जुळल्याशिवाय गाडीची चावी हातात घेत नाही. एक ठिकाण म्हणजे घरातली सगळ्यात म्हातारी बाई, दुसरं म्हणजे त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. घरातलं कोणी तिथे विधीला किंवा यात्रेला गेलं असेल तर त्या वहीत गाव, आडनाव, सोबत कोण होतं अशी नोंद सापडू शकते. तिथेही घाई करू नका, ते वह्या काढतात, शोधतात, त्यांचाही दिवस असतो. आणि निघताना स्वतःची नोंद करून या, तुमच्या नातवाला लागेल.

जिल्ह्याचं पण बघा. जुन्या कागदावर रत्नागिरी असलं तरी गाव आज सिंधुदुर्गात असू शकतं, तो १९८१ ला वेगळा झाला. उस्मानाबादमधून लातूर १९८२, धुळ्यातून नंदुरबार १९९८, ठाण्यातून पालघर २०१४. कोयना आणि उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचं तर वेगळंच, तिथे नकाशावरच्या जागेवर न जाता पुनर्वसन झालेलं गाव शोधा.

इसवी सन समजून तारखा वाचणं. शके असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते मार्चमधली तारीख असेल तर ७९), फसली (जुन्या महसुली कागदांवरचं साल) असेल तर साधारण ५९०. शके १८२७ म्हणजे १९०५. मी वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलंय.

मोडी अंदाजाने वाचणं. १९५० च्या आसपासपर्यंत मोडी, म्हणजे मराठी लिहायची जुनी लिपी, चालू होती, त्यामुळे जुने फेरफार (जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्या नोंदी) आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, मोडीत निघण्याची शक्यता भरपूर. मोडीत आधी ओळ आखतात आणि अक्षरं तिला लटकतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे 'हे आपलंच नाव दिसतंय' असं करत वाचलं की काहीही वाचता येतं. माझा मित्र चार महिने रोज अर्धा तास बसून शिकला. तेवढा वेळ नसेल तर जाणकाराला दाखवा, पण फोटो काढताना आधी रजिस्टरचं कव्हर, मग पान नंबर, मग नोंद, याच क्रमाने काढा. नुसत्या नोंदीचा फोटो सहा महिन्यांनी कुठला होता ते आठवत नाही.

नेटवर आडनाव टाकून गोत्र, वंश आणि राजघराणं छापून देणाऱ्या याद्यांबद्दल एकच सांगतो, त्या बघूच नका. एकदा डोक्यात बसलं की तुम्ही पुरावे शोधत नाही, होकार शोधता.

मित्र कोण न्यायचा हेही महत्त्वाचं. ज्याला गप्प बसता येतं तो. गाडी चालवणारा मिळेल कुठूनही.

आणि आता सगळ्यात मोठी चूक, गेल्या गेल्या कागद मागणं. खुर्दला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या चुलत आजोबांच्या घरी ओसरीवर बसून पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील, मित्राने लॅपटॉप उघडला आणि मी विचारलं, जुना सातबारा नाहीतर फेरफार आहे का काही? सगळे एकदम गप्प झाले. काकूंनी आतून मुलाला फोन लावला, तो तालुक्याहून मोटारसायकलवर आला आणि मित्राकडे बघून पहिला प्रश्न, हे वकील का? शहरातून गाडी घेऊन आलेला भावकीतला माणूस जमिनीचे कागद मागतोय, मग त्यांनी दुसरं काय समजायचं? जमिनीसाठी नाही आलो असं मी तीनदा सांगितलं आणि दरवेळी त्यांचा संशय वाढतच गेला. त्या दिवशी पाणी पिऊन परत आलो.

पुढच्या वर्षी यात्रेला गेलो. मित्राला म्हटलं लॅपटॉप घरीच ठेव. सोबत फक्त आजोबांचा एक जुना फोटो नेला, तो चुलत आजीच्या हातात दिला आणि बसून राहिलो. ती बराच वेळ बघत होती, मग म्हणाली हा माझ्या लग्नात वरातीच्या पुढे नाचला होता. दुपारी जेवणं झाल्यावर तिने स्वतःच पत्र्याची पेटी ओढली, त्यात शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, पार पणजोबांच्या नावाच्या. पण पावत्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कुठली लेक कुठे दिली, कोण कुठून आली, हे सगळं तिने संध्याकाळपर्यंत सांगितलं आणि मित्राने न बोलता लिहून घेतलं. फेरफारात मुलगे सापडले होते, बायका जवळजवळ नव्हत्याच. आमच्या वंशावळीत आज खापरपणजीचं नाव माहेरच्या गावासकट आहे.