इंजिन बंद पडलं तर: शिकाऊ वैमानिकांनो, या चुका टाळा

सरावात मी थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन "इंजिन गेलं" म्हणतो, तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांचा हात रेडिओकडे किंवा चेकलिस्टकडे जातो आणि नाक जिथल्या तिथे राहतं. वेग ८० वरून ६५, मग ५५. वाऱ्याचा आवाज मंदावतो, कंट्रोल हाताला सैल लागतात. सगळ्यात घातक चूक हीच. सेस्ना १५२ या छोट्या सरावाच्या विमानाचा ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत जाण्याचा, वेग ६० नॉट आहे. आधी नाक खाली, ट्रिम करून (कंट्रोलवरचा ताण काढून) ६० पकडा, मेडे, म्हणजे रेडिओवरचा संकटाचा संदेश, नंतर. वारा नसेल तर हजार फूट उंचीमागे साधारण अडीच किलोमीटर मिळतात. शेत थोडक्यात हुकतंय म्हणून नाक उचललंत, तर तेवढेही मिळणार नाहीत.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर मागे वळू नका, हे मी रोज सांगतो. १८० अंश वळून धावपट्टी समोर येत नाही, बाजूला राहते. पुन्हा वळावं लागतं. ४५ अंशांच्या बँकमध्ये (पंख तेवढे कलवून वळताना) स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो आणि उंची तर हातात नसतेच. समोर, थोडं डावी-उजवीकडे जे मिळेल तिथेच उतरा.

शेत निवडताना हिरव्या रंगाला भुलू नका. बारामतीकडे उसाचा फड वरून सपाट मैदान वाटतो, पण ऊस डोक्यापेक्षा उंच असतो. कापणी झालेलं रान बघा, सरीच्या दिशेनं उतरा, बांध आडवा येतोय का ते पाहा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत. खांब शोधा आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चला.

उंची असेल तर कारण शोधा: इंधनाचा कॉक, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा). पावसाळ्यात २५ अंश तापमानातही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, यावर नवीन मुलांचा विश्वास बसत नाही. कार्ब हीट ओढल्यावर बर्फ वितळून पाणी आत जातं आणि इंजिन आणखी खडखडतं. घाबरून तो नॉब परत आत ढकलतात. ढकलू नका, थोडा वेळ जाऊ द्या.

उतरायचं नक्की झालं की मिक्स्चर, कॉक आणि मॅग्नेटो बंद करा. मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, मात्र फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) पूर्ण घेतल्यावरच, कारण फ्लॅप विजेवर चालतात. आणि टेकण्याआधी दरवाजांच्या कड्या उघडा. धक्क्यानं चौकट वाकली तर दार आतून उघडत नाही.