दसऱ्याआधीची तयारी : देणगीदार जोडायचे आणि टिकवायचे

आमच्या वसतिगृहात ऊसतोड कामगारांच्या मुली राहतात. दसरा झाला की मुकादमाची, म्हणजे मजूर ठरवणाऱ्या ठेकेदाराची, गाडी गावात येते, आईबाप आगाऊ घेतलेली उचल फेडायला साखर कारखान्याच्या फडावर ऊस तोडायला जातात आणि मुली पुढचे पाच-सहा महिने आमच्याकडे असतात. पैशाची खरी निकड दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत, पण देणगी मागायची तयारी श्रावणातच सुरू करावी लागते. पावती पुस्तक आणि देणगीदारांची वही गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. छोट्या संस्थांतले कार्यकर्ते अधूनमधून विचारतात, तुम्ही नेमकं काय काय करून ठेवता? ते इथे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी जुनी वही काढा. नवे देणगीदार कुठून आणायचे हा प्रश्न नंतरचा. गेल्या तीन वर्षांत ज्यांनी एकदा तरी पैसे दिले, त्यांची नावं एका जागी आणा. पावत्यांच्या स्थळप्रती, बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयचे मेसेज, सगळं चाळा. प्रत्येक नावासमोर किती दिले, कधी दिले, कशाच्या निमित्ताने दिले आणि कोणाच्या ओळखीने आले, हे लिहा. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका, पुढे तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. मग गेल्या वर्षी ज्यांनी दिलं आणि यंदा दिलं नाही त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने खूण करा. या खुणा म्हणजे तुमचं पहिलं काम. एकदा विश्वास टाकलेल्या माणसाकडे परत जाणं हे अनोळखी दारात उभं राहण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. तरी नेमकं तेच टाळलं जातं, कारण वर्षभरात एक फोन केलेला नसतो आणि आता कुठल्या तोंडाने जायचं असं वाटतं. तरीही जा.

अशीच वही चाळताना मला एक पाकीट सापडलं होतं. एक निवृत्त शिक्षक दरवर्षी पत्नीच्या स्मृतिदिनाला पाच हजार रुपये पाठवत. एका वर्षी आम्ही पावतीवर त्यांच्या पत्नीचं नाव चुकीचं छापलं, 'सुमती'चं 'सुमन' केलं. त्यांनी ती पावती परत पाठवली होती. नावाखाली निळ्या शाईने सरळ रेघ मारलेली, आणि शेजारी शाळेतल्या वळणदार अक्षरात 'दुरुस्त करून पाठवावे, ही विनंती'. आमच्या कार्यालयात कोणीतरी ते पाकीट फाइलला लावून टाकलं. दोन वर्षं त्यांची देणगी आली नव्हती आणि आमच्यातल्या एकालाही ते जाणवलं नव्हतं. मी नवी पावती घेऊन त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. त्यांनी चष्मा लावून नाव दोनदा वाचलं आणि पावती भिंतीवरच्या फोटोच्या चौकटीत खोचली. देणगी पुन्हा सुरू झाली, पण निम्मी. आधीच्या रकमेवर यायला आणखी दोन वर्षं गेली. तेव्हापासून 'स्मरणार्थ' असा शब्द असलेली प्रत्येक पावती आमच्याकडे दोन जण वाचतात आणि मगच पाकिटात जाते. तुमच्याकडे ही दुसरी नजर कोणाची असेल ते आजच ठरवून टाका.

आता कागद. धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन, आयकराची 12एबीची नोंदणी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी), 80जीची मान्यता (देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी) आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल हे सगळं एका फायलीत आणि एका मोबाइलमध्ये हवं. 80जीच्या मान्यतेची तारीख आवर्जून बघा. 2021 नंतर ती कायमची राहिलेली नाही. पाच वर्षांची असते, नव्या संस्थेला तर आधी तात्पुरती, तीन वर्षांची मिळते. मुदत संपलेल्या क्रमांकाची पावती हातात दिली आणि देणगीदाराची वजावट नाकारली गेली, तर तो माणूस तुम्हाला काही बोलणार नाही, फक्त परत येणार नाही. आणखी एक. देणगी घेतानाच पॅन आणि पत्ता लिहून घ्या. आर्थिक वर्ष संपल्यावर 10बीडी हे देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे 31 मेपर्यंत भरायचं असतं आणि त्यातून निघणारं 10बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं असतं. आपल्या हातची पावती कितीही सुबक असली तरी वजावटीसाठी हे प्रमाणपत्रच लागतं. विवरणाला उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क बसतं. मे महिन्यात शंभर जणांना फोन करून पॅन मागणं काय असतं ते मी एकदा केलंय. निम्मे लोक फसवणुकीचा फोन समजून बंद करतात. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे आकडे बदललेत; इथले 12एबी, 80जी, 10बीडी, 10बीई हे जुन्या कायद्यातले. पावतीवर आता काय छापायचं ते तुमच्या सीएंकडून लिहून घ्या आणि तोवर नवं पुस्तक छापायला टाकू नका.

हे सगळं सांभाळा, पण करसवलतीच्या जोरावर देणगी मागू नका. ज्यांनी नवी कर प्रणाली घेतली आहे त्यांना 80जीची वजावट मिळतच नाही, आणि हल्ली नोकरदारांत असे पुष्कळ आहेत. दोन हजारांच्या वरची रक्कम रोखीने दिली तर तिच्यावरही वजावट नाही, हे देणाऱ्याला आधी सांगा. मोंढ्यातले आडतदार ज्वारीची पोती, तेलाचे डबे देतात. त्या वस्तूंवर 80जी लागू होत नाही, त्यामुळे वस्तुरूप देणगीचं वेगळं पावती पुस्तक ठेवा. कोणी 'हे कायम निधीत टाका' (म्हणजे मूळ रकमेला हात न लावता फक्त व्याज वापरा) म्हणालं तर तसं त्यांच्या सहीचं पत्र घ्या. आणि कोणी गाद्यांसाठी दिलेले पैसे गाद्यांवरच खर्च करा. मधेच किराण्याची अडचण आली तर फोन करून विचारा. विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, न विचारता केलं की मन दुखावतं.

परदेशातल्या माणसांबद्दल आपल्याकडे फार गोंधळ असतो. गावातल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी अमेरिकेत किंवा दुबईत आहे आणि त्यांना द्यायचंही असतं. इथे पासपोर्ट बघायचा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून देत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही; पासपोर्टची प्रत घेऊन फायलीला लावा. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं आणि तुमच्याशी तो अस्सल गावच्या बोलीत बोलत असला तरी कायद्याने तो विदेशी देणगीदारच. त्याचे पैसे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, आणि नोंदणी असली तरी ते आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. प्रेमाने आलेली रक्कम परत करताना जीव तुटतो. म्हणून खात्याचा क्रमांक द्यायच्या आधी विचारा.

किती मागायचे, हे ठरवल्याशिवाय घराबाहेर पडू नका. 'फूल ना फुलाची पाकळी द्या' हे ऐकायला गोड आहे, पण समोरचा विचारात पडतो की पाकळी म्हणजे किती. आम्ही किराणा, दूध, भाजी, गॅस आणि स्वयंपाकाच्या मावशींचा पगार असा महिन्याचा खर्च काढतो आणि त्याला मुलींच्या संख्येने भागतो. समजा एका मुलीच्या एका दिवसाच्या जेवणाला 90 रुपये येतात, तर महिन्याचे 2700 आणि सहा महिन्यांचे 16,200. हे तीन आकडे कागदावर असले की पेन्शनवरची आजीही देऊ शकते आणि वकीलसाहेबही. लहान रकमेला कमी लेखू नका. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक-एक पैसा गोळा करत पैसाफंड उभा केला आणि त्यातून 1908 साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. आणि लहान रक्कम महिन्याला येऊ लागली तर आमच्यासारख्यांना ती मोठ्या एकरकमी देणगीपेक्षा जास्त धीर देते, कारण दूधवाला महिन्यालाच पैसे मागतो. यूपीआयवर ऑटोपे लावता येतं, म्हणजे रक्कम दर महिन्याला आपोआप येते. ते कसं लावायचं हे फोनवर शांतपणे समजावून सांगणारी एखादी कॉलेजातली मुलगी गाठून ठेवा.

पत्रक तयार करताना फोटोंचा विचार नीट करा. रडवेला चेहरा, फाटका फ्रॉक, रिकामं ताट असले फोटो लावून पैसे येतात, मला माहीत आहे. मी ते लावू देत नाही. आमची मुलगी उद्या कॉलेजात जाईल आणि तिचा तो फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल. पाठमोऱ्या वेण्या घालणाऱ्या मुली, फळ्यावरचं अक्षर, भाकरीची चवड, हे पुरतं. चेहरा दिसणार असेल तर आईबापांची लेखी संमती घ्या, आणि ते फडावर जायच्या आधी घ्या. मजकूर एका पानात बसवा. गेल्या वर्षी किती मुली राहिल्या, किती पुढच्या वर्गात गेल्या, किती मधेच गेल्या, तेही लिहा. मधेच गेलेल्यांचा आकडा लपवणाऱ्या संस्थेवर मी स्वतः विश्वास ठेवणार नाही.

नवी माणसं जुन्यांच्या ओळखीतूनच येतात, म्हणून वहीतला तो 'कोणाच्या ओळखीने आले' हा शेवटचा रकाना. ज्यांच्या ओळखीने दोन-तीन देणगीदार आले, त्यांना घरी चार शेजाऱ्यांना चहाला बोलवायला सांगा आणि तुम्ही तिथे जा. पितृपक्षात आईवडिलांच्या नावाने अन्नदान करायची इच्छा असलेली माणसं असतात. भाद्रपद लागायच्या आत त्यांच्यापर्यंत पोचा. 2 ते 8 ऑक्टोबरला देशभर दान उत्सव, म्हणजे देण्याचा आठवडा, असतो, त्या आठवड्यात शाळा आणि गृहसंकुलं दारं उघडतात. कंपन्यांच्या सीएसआरसाठी, म्हणजे त्यांनी समाजकामावर करायच्या खर्चातून पैसे मिळण्यासाठी, संस्थेची सीएसआर-1 नोंदणी लागते, ती करून ठेवा, पण सगळा भार त्यावर टाकू नका; तिथला अधिकारी बदलला की ओळख पुन्हा पहिल्यापासून.

पैसे आल्यानंतरचं काम खरं कष्टाचं, आणि देणगीदार टिकतो तो त्यावरच. दोन दिवसांत पावती आणि आठवड्याच्या आत फोन, हा आमचा नियम. त्या फोनवर पैशाचं नाव काढायचं नाही. 'पोचले, मुलींच्या चादरी आल्या', एवढंच. पावती मेलवर गेली तरी पहिल्या देणगीला हाताने लिहिलेलं कार्ड पोस्टाने पाठवा, मुलींपैकी कोणीतरी लिहिलेलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. संक्रांतीला एक पत्र, आणि जूनमध्ये हिशोब व निकाल. या दोन्ही वेळी मागणी नको. गरज सरो वैद्य मरो असं त्यांना एकदा जरी वाटलं तरी नातं तुटतं. वाईट बातमीही कळवा. एका वर्षी नवव्या वर्गातल्या एका मुलीचं घरच्यांनी लग्न ठरवलं होतं, आम्हाला कळलं तेव्हा तिला घेऊन गेले होते. मी ते पत्रात लिहू की नको असं करत आठ दिवस काढले आणि लिहिलं. तेरा जणांचे फोन आले. 'आम्ही काही करू शकतो का', असं विचारणारे. त्यातल्या एक वकीलबाई आता दर शनिवारी मुलींच्या आयांशी बोलायला येतात.

कोणी वसतिगृह बघायला येणार असेल तर मुलींना रांगेत उभं करून स्वागतगीत म्हणायला लावू नका. जेवणाच्या वेळी बोलवा आणि पंगतीत बसवा. डाळ पातळ असेल तर पातळच असू द्या.

फोन सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी एवढं बघा : वहीत पेन्सिलीच्या खुणा आहेत, खर्चाचे तीन आकडे पाठ आहेत, क्यूआर कोडवर स्वतः एक रुपया पाठवून संस्थेचंच नाव येतंय याची खात्री केली आहे, पावती पुस्तकावरचा 80जीचा क्रमांक मुदतीत आहे, मोबाइल चार्ज आहे. दुपारी एक ते चार फोन करू नका, म्हातारी माणसं झोपलेली असतात. आणि पहिला फोन खुणेच्या यादीतल्या सगळ्यात जुन्या नावाला करा. समोरून 'अहो, कुठे होतात इतके दिवस?' असं आलं तर काय उत्तर द्यायचं, ते खरं-खरं मनाशी ठरवून मगच नंबर फिरवा.