डबल्स सुधारायचंय? मॅच जरा कमी करा, हे गेम खेळून बघा

आमचा इंदूरचा चौघांचा ग्रुप, सकाळी साडेसहाला कोर्टवर आणि आठला पोहे-जलेबीच्या ठेल्यावर, वर्षानुवर्षं हेच, पण बॅडमिंटन काही सुधरेना. कारण आम्ही डबल्स खेळतच नव्हतो, शेजारी शेजारी उभं राहून सिंगल्स खेळत होतो. शटल मधे पडलं की दोघं एकमेकांकडे बघणार, मग "अरे तुझं होतं ना यार!"

तर पहिला गेम त्याच्यावरच. शटल मारायच्या आधी "माझं" किंवा "तुझं" ओरडायचं, नाही ओरडलं तर रॅली जिंकली तरी पॉइंट समोरच्यांना. ११ पर्यंत खेळा. सुरुवातीला लाज वाटते, नंतर सवय होते. आणि दोघं राइटी असाल तर साइड बाय साइड असताना मधलं शटल डाव्या बाजूच्याने घ्यायचं, त्याचा फोरहँड तिकडे येतो, हे आधीच ठरवून टाका.

दुसरा, माझा आवडता, लिफ्ट बंद. सर्व्हिस शॉर्टच, आणि जो कोणी शटल वर उचलेल त्याचा पॉइंट गेला, बस. नेटजवळ ठेवा, नाहीतर फ्लॅट ड्राइव्ह मारा, म्हणजे नेटच्या जरा वरून सरळ, आडवा फटका. पाच मिनिटांत कळतं की आपण घाबरलो की लगेच उचलतो आणि समोरच्याला फुकटात स्मॅश देतो. यात रॅकेट छातीसमोर वर ठेवायची, खाली लोंबकळत ठेवली की गेलं.

तिसरा सर्व्हिसचा. डबल्समधे मागची सर्व्हिस लाइन बेसलाइनच्या ७६ सेंटिमीटर आत असते म्हणून उंच सर्व्हिसला जागाच कमी. रॅली फक्त तीन शॉटची: सर्व्हिस, रिटर्न, तिसरा शॉट. तिसऱ्यानंतर शटल खालून उचलायची वेळ ज्यांच्यावर आली ते हरले. प्रत्येकाने दहा-दहा सर्व्हिस करा.

शेवटचा दमवणारा आहे. एक जोडी फक्त अटॅक, पुढे-मागे उभी, दुसरी फक्त डिफेन्स, शेजारी शेजारी, आणि तिने शटल उंच, मागे, कोपऱ्यात टाकत राहायचं. अटॅकवाल्यांनी सात रॅलीत किती पॉइंट काढले ते मोजा, मग अदलाबदल. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही हं, पार्टनर काय करतोय ते शटलवरून कळतं, वळलात तर स्मॅशचं रिटर्न कानावरून जाईल.

एक तासाचा कोर्ट असेल तर पहिले तीन गेम दहा-दहा मिनिटं, हा पंधरा, आणि उरलेल्या वेळात मॅच. हरणारी जोडी जलेबी देते, आमच्याकडे तरी.